आरशाची घाई नको

प्रश्न: नाकाची प्लास्टिक सर्जरी होऊन ५ दिवस झाले. डोळ्यांखाली काळंनिळं, चेहरा सुजलेला. बिघडलं तर नाही ना? लोकलने ऑफिसला कधी जाऊ?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, माझ्या परळच्या ओपीडीत पाचव्या दिवशी बहुतेकींचा हाच प्रश्न असतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. निळे डाग पिवळट होत साधारण २ आठवड्यांत जातात. नाकाच्या शेंड्याची सूज मात्र वर्षभर रेंगाळते. उशाला उंची ठेवा, नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या. चष्म्याचा भार नाकावर नको. माझ्या एका पेशंटने तो कपाळाला चिकटपट्टीने टांगला होता. गर्दीच्या डब्यात एक कोपर पुरतं, म्हणून महिनाभर सकाळची फास्ट लोकल टाळाच. ताप आला, रक्त थांबेना, तर लगेच सर्जनला फोन करा, अगदी रात्री २ वाजतासुद्धा.