आधी प्रश्न, मग कॅमेरा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मायक्रोमीटरच्या, म्हणजे बारीक मापं घेण्याच्या साधनाच्या, ऑनलाइन कोर्सची तुझी रूपरेषा वाचली. बारा व्हिडिओ, प्रत्येकी चाळीस मिनिटं, आणि शेवटी 'क्विझ: नंतर ठरवू'. त्या 'नंतर'वरच माझं घोडं अडलंय. आधी प्रश्न, मग कॅमेरा.

औंधच्या आयटीआयमधून निघून भोसरीच्या शॉपमध्ये मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला काय करता यायला हवं? तू लिहिलंस, 'मायक्रोमीटरची माहिती होईल'. माहिती तपासणार कशी? त्याऐवजी लिही : 'शाफ्टचा व्यास तीन ठिकाणी मोजून, शून्य त्रुटी (जबडे मिटल्यावरही दिसणारं माप) काढून, 0.01 मिमीपर्यंत नोंदवेल'. एवढं नेमकं लिहिलंस की प्रश्न समोरच उभा राहतो.

स्लीव्हवर (स्थिर नळीवर) 12 ची रेघ, पुढची अर्ध्या मिमीची रेघही उघडी, थिंबलवर (फिरत्या नळीवर) 28, म्हणजे 0.28, शून्य त्रुटी +0.03, ती वजा करायची. उत्तर 12.75. आता चुकीचे पर्याय, आणि खरी मेहनत इथे आहे. अर्ध्याची रेघ ज्याच्या नजरेतून सुटली त्याचं उत्तर 12.25 येतं. त्रुटी वजा करायला विसरला त्याचं 12.78. उलट मिळवली त्याचं 12.81. मुलगा कुठे अडखळला ते पर्यायच सांगतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा अभिप्राय लिही. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' ही नुसती बोळवण झाली.

मग व्हिडिओत काय हवं ते कळतं : अर्ध्याच्या रेघेचा क्लोजअप, शून्य तपासणं, रॅचेटची, म्हणजे दाब ठरावीक ठेवणाऱ्या टोकाच्या मुठीची, कटकट. तीन तुकडे, पाच-पाच मिनिटांचे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणं साधारण सहा मिनिटांतच संपतं, असं त्यात दिसलं. तुझी चाळीस मिनिटं कोणासाठी? कॉलर माइक लाव, पंखा बंद कर, आणि थिंबलवरचे आकडे साध्या फोनवर वाचता येतात का ते पाहा. बाकी सजावट राहू दे.

हाताचा अंदाज मात्र क्विझला कळत नाही. रॅचेट सोडून थिंबल आवळला की माप कमी येतं, आणि पर्यायांवर टिचक्या मारून हे कोणी शिकत नाही. म्हणून वर्कशॉपमध्ये 10 मिमीचा स्लिप गेज (नेमक्या जाडीचा ठोकळा) तीनदा मोजून तिन्ही नोंदी फोटोसकट पाठवायला सांग. त्या तपासायला माणूस लागेल. त्याचे तास आत्ताच हिशेबात धर, नाहीतर कोर्स सुरू झाल्यावर ते काम तुझ्याच गळ्यात पडेल.

'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचाच्या मांडणीत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असे चार भाग असतात. लोक ते त्याच क्रमानं भरत जातात आणि मूल्यमापनाच्या वाट्याला उरलेला एक रविवार येतो. 2021 च्या यूजीसी नियमावलीनुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून घेता येतात. एवढे श्रेयांक ज्याच्यावर उभे, त्याचे प्रश्न रविवारी उरकायचे?

तू म्हणशील, म्हातारा परीक्षेपलीकडे पाहतच नाही. पाहतो गं. पण आधी शूट करून मग प्रश्न जुळवले की प्रश्न व्हिडिओतली वाक्यं विचारतात, काम विचारत नाहीत. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून हा हट्ट. तो सुटणार नाही.

रविवारपर्यंत पाच प्रश्न पाठव, प्रत्येक चुकीच्या पर्यायाच्या कारणासकट. स्क्रिप्ट पाठवलीस तर उघडणार नाही.