सांगलीहून पहिल्यांदा समुद्रात गळानं मासे धरायला निघालायस म्हणून

आयर्विन पुलाखाली कटला-रोहूवर हात बसलाय तुझा. पण तोच झटका समुद्रात मारलास तर दोरी तुटलीच म्हणून समज. आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायच्या आधी, घरीच, रिळाचा ड्रॅग, म्हणजे जास्त ओढ पडली की दोरी सोडणारा ब्रेक, दोरी हुकाच्या वजनकाट्याला लावून बघ. दोरी 10 किलोची असेल तर अडीच-तीन किलोच्या ओढीला सुटायला पाहिजे.

सुरमई लागली तर सुसाट लांब पळणार. पळू दे, तेव्हा रीळ फिरवू नकोस, दोरीला नुसता पीळ पडतो. गोबऱ्याचं उलटं. तो थेट खडकाच्या कपारीत शिरतो. पहिल्या काही सेकंदांतच तळापासून वर ओढला नाहीस तर गेला. मी एक असाच घालवलाय, एका हातात चहा होता!

मग काठी सावकाश उचल, खाली आणताना दोरी गुंडाळ. ढील नको.

होडी दिसली की मासा पुन्हा बुडी मारतो. तिथं घाबरून ड्रॅग आवळू नकोस. दोरीला धरून तर उचलूच नको, माशाला आकडी (दांड्याचा मोठा आकडा) तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मारेल. सुरमईचे दात वस्तऱ्यासारखे असतात, गळ पकडीनंच काढ.