भेंडी रविवारची वाट पाहत नाही

मृग नक्षत्र आता पंधरा-वीस दिवसांवर आलं. या दिवसांत आमच्या तालुका कृषी कार्यालयात बियाणं, खत आणि पीकविमा यांचेच प्रश्न जास्त येतात. यंदा त्यांत एक वेगळी गर्दी दिसते आहे. नोकरी नागपूर-अमरावतीला, वावर गावाकडे आणि शेती शनिवार-रविवारची. अशा पाच जणांचे प्रश्न एकत्र घेतो. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे: सोमवार ते शुक्रवार त्या वावरात कोणी नसतं.

काटोल रस्त्याला दीड एकर घेतलेले नागपूरचे भाऊ विचारतात: "मागच्या खरिपात अर्ध्या एकरात सोळा प्रकारच्या भाज्या लावल्या. भेंडी, गवार, काकडी, दोडकी, सगळं उगवलं, पण हाती जून माल आला. बियाणं खराब होतं का?"

भाऊ, बियाणं चांगलंच होतं. भेंडीच्या फुलापासून कोवळी शेंग पाच-सहा दिवसांत तयार होते, म्हणून तिची तोडणी एक दिवसाआड, फार तर दोन दिवसाआड करावी लागते. तुम्ही रविवारी संध्याकाळी वावर सोडलं, पुढच्या शनिवारी आलात. मंगळवारी काढायची शेंग तोवर लाकूड झाली. नुसती ती शेंग वाया जात नाही. झाडावर बी भरत राहिलं की झाड नवीन फुलं कमी करतं. काकडीचं आणि दोडक्याचं तसंच. म्हणजे तुमचं पीक फसलं नाही, निवड फसली.

मी भाजीची निवड करताना आधी एकच गोष्ट विचारतो: ही भाजी सात दिवस थांबेल का? पाणी-खत नंतर.

थांबणाऱ्या भाज्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोहळं (शहरात लाल भोपळा म्हणतात ते) वेलावर पिकू द्यायचं, तोडल्यावर घरात महिनोन्महिने टिकतं. वांग्याला आठवड्याची एक तोडणी चालते. मिरची हिरवी राहिली तर हिरवी, नाहीतर लाल होऊ द्या आणि वाळवा. भिवापूरची मिरची तर लाल होऊनच नाव कमावून बसली. शेवग्याच्या शेंगा आठवड्याने काढता येतात. कुंपणावर वाल चढवा. अंबाडीला तर कोणी विचारलं नाही तरी ती वाढते, कोवळे शेंडे खुडले की पुन्हा फुटते. जमिनीखाली हळद आणि सुरण: मे-जूनमध्ये लावायचं, आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की काढायचं, आणि एखादा पंधरवडा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. बेणं तिकडून आणता आलं तर उत्तम. हिवाळ्यात लसूण, कांदा, सांबार (कोथिंबीर), मेथी. सांबार आणि मेथी मात्र एकदम सगळी पेरू नका, दर शनिवारी एक-एक वाफा टाका.

आणि अर्धा एकर भाजी कशाला? चार माणसांच्या घराला दोन गुंठे खूप झाले. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. विहिरीजवळचे दोन गुंठे धरा, तेवढ्याचंच निंदण दोन दिवसांत होतं. मी स्वतः क्वार्टरमध्ये राहतो आणि माझंही वावर रविवारचंच आहे, तेव्हा हे अनुभवाने सांगतो: पहिल्या वर्षी मी पाच गुंठे धरले होते, ऑगस्टमध्ये तणात वांगी शोधत फिरलो.

भेंडीचा मोह सुटतच नसेल तर एक सरळ मार्ग आहे. शेजारच्या वावरातल्या एखाद्या ताईंशी निम्म्या वाट्यावर बोलणी करा. आठवडाभराची तोडणी त्यांची, शनिवार-रविवारची तुमची. माल वाया जाण्यापेक्षा तो कोणाच्या तरी ताटात गेलेला बरा, शिवाय वावरावर एक नजर राहते.

उरलेल्या एकरात सीताफळ, आवळा, कागदी लिंबू असं काही लावा. आवळा झाडावर कितीतरी दिवस थांबतो. सीताफळ तितकं थांबत नाही, पण डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळ कडक असतानाच तोडायचं. ते घरी तीन-चार दिवसांत पिकतं. खड्डे अजून खणले नसतील तर याच आठवड्यात खणा. नवतपाचं, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांचं, ऊन खड्ड्याला लागलं पाहिजे. कलमं मात्र चांगला पाऊस होऊन जमीन ओलावल्यावरच लावा, पहिल्या सरीला भुलू नका.

अमरावतीला बँकेत असलेल्या ताई विचारतात: "मोर्शी तालुक्यात साठ संत्र्यांची झाडं आहेत, दोन वर्षांची. जमीन काळी, भारी. दर शनिवारी आळी भरून पाणी देते. तरी बारा-पंधरा झाडं पिवळी पडली, काहींच्या बुंध्यातून डिंक येतो. पाणी कमी पडतं का?"

ताई, पाणी कमी नाही पडत, ते एकदम पडतं. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव असा की वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगून बसते, पाणी लवकर सोडत नाही. शनिवारी आळं काठोकाठ भरलं की दोन-तीन दिवस मुळांना हवाच मिळत नाही. मग गुरुवार-शुक्रवारी मेच्या उन्हात वरचा थर तडकतो आणि तंतुमुळं तुटतात. हा झोका संत्र्याला सोसत नाही. ओल बुंध्याशी साचली की फायटोफ्थोरा बुरशी लागते. डिंक्या आणि मूळकूज ही तिचीच कामं.

तेव्हा आधी आळ्याची रचना बदला. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करून त्याच्याबाहेर दुसरं गोल आळं काढा, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. पाणी बुंध्याला शिवता कामा नये. कलमाचा डोळा (कलम जोडल्याची जागा) मातीत गाडला गेला आहे का तेही बघा. साठपैकी काही झाडांत गाडलेला सापडेल, असं मला पत्र वाचतानाच वाटलं. सापडला तर माती बाजूला करा. पावसाळ्याआधी दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर काढून घ्या, म्हणजे श्रावणातलं पाणी बाहेर जाईल.

डिंक आलेल्या जागी धारदार चाकूने सडलेली साल खरवडून बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण. तुम्हाला पाव किलो, पाव किलो आणि अडीच लिटर पुरेल. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्यायचं, लोखंडाचं नाही. बाकीच्या निरोगी झाडांनाही पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा लावा.

पिवळेपणाकडे नीट बघा. पानाची मधली शीर पिवळी पडत असेल तर मुळांचं दुखणं समजा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, आणि तिच्यामागे बहुधा चुनखडी. संत्र्याला जमिनीत १० टक्क्यांवर मुक्त चुना असला की त्रास होतो. मातीचा नमुना वरून ओंजळभर काढून उपयोग नाही. एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा तीन थरांतून वेगळा काढा. विदर्भात चुनखडीचा थर पुष्कळदा खालीच बसलेला असतो आणि मुळं तिथे पोचली की झाड रुसतं.

आता पाण्याचं. तुम्ही १००० लिटरची टाकी दहा फुटी स्टँडवर ठेवून ठिबक करायचं म्हणता, त्यावर बॅटरीचा टायमर. विचार चांगला आहे, कारण वावरातली थ्री फेज लाईन कधी दिवसा येते, कधी रात्री. मोटारीच्या भरवशावर बसलात तर तुम्ही बँकेत आणि लाईन वावरात. फक्त एक हिशेब दुकानदार सांगत नाही. चार लिटरचा ड्रिपर तासाला चार लिटर देतो तो मोटारीच्या दाबावर. दहा फुटांवरच्या टाकीचा दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी असतो, तिथे तोच ड्रिपर तासाला दोन-सव्वादोन लिटरच देतो. म्हणून टायमर लावण्याआधी चार-पाच ड्रिपरखाली लिटरची बाटली ठेवून घड्याळ बघा. ओळीच्या शेवटच्या झाडाखाली तर नक्की ठेवा. टाकीचा आणि टायमरचा व्हॉल्व्ह कमी दाबावर उघडणारा हवा, नाहीतर तो उघडणारच नाही. आणि फिल्टर दर शनिवारी धुवा.

बुंध्यापासून वीतभर जागा सोडून सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं जाडीचं पसरा. मेमध्ये त्याच्याइतकी स्वस्त मदत दुसरी नाही. उधई (वाळवी) दिसली तर मात्र तेवढ्या झाडाखालचं उचला.

फळ कधी धरू, असंही विचारलंत. पाचव्या वर्षाआधी बहार धरू नका. आधी आली ती फुलं खुडा, कितीही जिवावर आलं तरी.

यवतमाळचे एक गुरुजी विचारतात: "रताळी आणि भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उकरले. रोही (नीलगाय) कुंपणावरून उडी मारतो. वानरं दिवसाढवळ्या येतात. तारेत करंट सोडावा का?"

गुरुजी, अजिबात नाही. लाईनवरून थेट तारेत करंट सोडणं गुन्हा आहे, आणि विदर्भात असल्या तारांनी माणसंही मेली आहेत, वाघही. रात्री मोटार चालू करायला निघालेला शेजारीच तिच्यावर पडतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याची कलमं तुम्हाला नंतर वाचायची वेळ येऊ नये. बॅटरीवरचं सौर झटका यंत्र मात्र चालतं. ते क्षणभराचा झटका देऊन सोडतं, जनावर पळतं, मरत नाही. पण तारेखालचं गवत दर आठवड्याला कापलं नाही तर करंट जमिनीत जातो आणि यंत्र नुसतं टकटक करत राहतं. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी.

बाकी, डुकरांच्या वाटेवर रताळी लावणं म्हणजे पाहुण्यांना आवतण देणं झालं. तिथे हळद लावून बघा. डुक्कर तिला सहसा तोंड लावत नाही. कुंपणाला सागरगोटा किंवा करवंद लावलं तर तिसऱ्या वर्षापासून कामाला येतं. धुऱ्यावर (बांधावर) जुन्या साड्या बांधतात, त्याने पंधरा-वीस दिवस जातात, मग डुकरालाही साडी कळते. वानरांवर मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही, राखणदार सोडून.

एक गोष्ट शहरातले विसरतात: उलंगवाडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर निघाली की गावची गुरं मोकळी सुटतात, आणि शिवारात हिरवं फक्त तुमचं उरतं. कुंपण पक्कं नसेल तर तोवर भाजी काढून मोकळे व्हा. गावाशी भांडून फायदा नाही. वन्यप्राण्यांनी नुकसान केलं तर फोटो काढून दोन-तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या. पुढच्या रविवारपर्यंत थांबलात तर पंचनाम्याला काय उरणार?

वर्ध्याचे एक वाचक: "शनिवारी फवारतो, रविवारी भाजी घरी नेतो. चालतं ना?"

चालत नाही. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि तोडणी यांच्यातले दिवस दिलेले असतात. तेवढे दिवस थांबायचंच. म्हणून आल्याबरोबर आधी तोडा, आणि फवारायचंच असेल तर रविवारी जाताना. कपाशीचं उरलेलं औषध वांग्यावर मारायची सवय तर सोडाच. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला देशात बंदी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते आपण विसरलो नसू. गड्याला फवारायला सांगून तुम्ही सावलीत बसत असाल, तर मास्क आणि हातमोजे आधी त्याच्यासाठी आणा.

दोन गुंठ्यांना निंबोळी अर्क पुरतो. अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून थोडा साबण घाला, एकूण दहा लिटर करा आणि उन्हं उतरल्यावर फवारा. निंबोळ्या आता महिनाभरात पडायला लागतील, वेचून सावलीत वाळवून ठेवा. वांग्याचे शेंडे माना टाकलेले दिसले की आत अळी आहे. दर शनिवारी तेवढे शेंडे खुडून जाळा. धुऱ्यावर फेकू नका, अळी परत येते.

आणि बडनेऱ्याहून एक ओळ: "नोकरदाराला फळबागेचं अनुदान मिळतं का?"

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत आपल्याकडे किमान ०.२० हेक्टर लागतं, अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. ज्यांचं पोट फक्त शेतीवर आहे त्यांना प्राधान्य असतं, आणि तसंच असायला हवं. तुमचा नंबर लागला तर अनुदान तीन वर्षांत हप्त्यांनी मिळतं, तेही झाडं जगलेली दिसली तर. सातबारा अजून वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करा.