पुरुषाचा छळ झाला तर पॉश कायद्याखाली तक्रार करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव एमआयडीसीत नोकरी, वरिष्ठ अंगचटीला येतात, तुम्ही पुरुष. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे गेलात तर लोक हसतील का, आणि कायदा फक्त बायकांसाठीच का?

हसतील. दोन-तीन कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरचा सदस्य म्हणून बसतो, त्यामुळे खोटा धीर देत नाही.

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्याच्या नावातच 'महिला' आहे. तक्रार करणारी व्यक्ती महिलाच हवी. पण जिच्याविरुद्ध तक्रार, ती कोणीही चालते, हे बऱ्याच एचआरवाल्यांनाही ठाऊक नसतं. बाईची तक्रार बाईविरुद्ध असली तरी समितीने ती ऐकायची, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणजे दार अडतं ते फक्त तक्रारदाराच्या बाजूने.

तुम्ही विद्यापीठात किंवा कॉलेजात असता तर गोष्ट वेगळी होती. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार करतात. कारखान्याला ते लागू नाहीत.

धरणगावकडच्या एका जिनिंगमधला बावीस वर्षांचा पोरगा आठवतो. मुकादम रात्रपाळीत त्याला गाठीच्या गोदामात बोलवायचा. पोराने दोन महिने कोणाला सांगितलं नाही. शेवटी माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाला, "नाना, लोक माले हासतीन." त्याचा अर्ज समितीपुढे आला आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. अध्यक्षबाईंनी मार्ग काढला: पॉशचं नाव न घेता नोकरीच्या नियमांतलं गैरवर्तन म्हणून मालकाने चौकशी लावायची. तशी लागली, मुकादमाची नोकरी गेली. पोरगा मात्र त्याआधीच काम सोडून गेला होता. साक्षीला तो पाचोऱ्याहून एसटीने यायचा.

म्हणून माझं मत असं की बायकांचा कायदा आहे तसाच राहू द्यावा. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या सामूहिक बलात्काराचं प्रकरण, मग कामाच्या ठिकाणच्या छळावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल, इतक्या वाटेने तो आलाय. अजूनही कित्येक डाळ मिलमध्ये समिती फक्त भिंतीवरच्या फलकावर असते. 'व्यक्ती' असा शब्द घालून तो सपाट केला तर पहिला फायदा उलट तक्रारी करणाऱ्या साहेबांना होईल, अशी मला भीती वाटते. पुरुषांसाठी वेगळं कलम हवं, आणि लवकर हवं. कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंडसंहितेतलं, पुरुषावरच्या लैंगिक बळजबरीलाही लागू होणारं ३७७ कलमच नाही. प्रौढ पुरुषावर बळजबरी झाली तर पोलिसांना मारहाण, धमकी, डांबून ठेवणं असली कलमं जुळवत बसावं लागतं.

तुमच्यापुरतं सांगतो. आधी कंपनीचं धोरण मागून घ्या. काही कंपन्यांनी आपणहून त्यात पुरुष कर्मचारीही धरलेत. नसेल तर अर्ज थेट व्यवस्थापनाला 'गैरवर्तन' म्हणून द्या. त्यात तारीख, पाळी, जागा, जवळ कोण होतं, सगळं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज रागाच्या भरात पुसू नका. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका, चहा पाजला तरी.