कूलंट कमी होते, पण गळती सापडत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची चार सिलिंडरची पेट्रोल मोटार आहे. ती आजवर एक लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या तीन महिन्यांपासून दर आठ-दहा दिवसांनी तिच्यात सुमारे अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे, ग्लायकॉल मिसळलेले पाणी) घालावे लागते. अंगणातील फरशीवर मात्र एक थेंबही दिसत नाही. मध्यंतरी तुळजापूरला दर्शनासाठी गेलो असता घाट चढून वर गाडी थांबवली, तेव्हा बॉनेटमधून गोडसर वास आला. तापमानाचा काटा नेहमीच्याच जागी होता. गॅरेजमध्ये आधी रेडिएटर बदलला, नंतर वरचा होज पाइप बदलला. आता हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधील सील) गेले असावे, हेड उतरवावे लागेल, असे सांगतात. उतरवू द्यावे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : इतक्यात उतरवू देऊ नका. हेड गॅस्केट शाबूत आहे, असे मी गाडी न पाहता म्हणणार नाही. परंतु आपल्या पत्रातील एकही खूण निश्चितपणे त्याच्याकडे बोट दाखवीत नाही, आणि गळती डोळ्यांना दिसण्याआधीच दोन भाग बदलून झाले, ही गोष्ट मला अधिक खटकते. जुन्या गाडीत प्रत्येकच भाग संशयास्पद दिसतो. म्हणून पाणी कोठून जाते हे विचारण्याआधी ते केव्हा जाते, हे विचारावे.

त्याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. घाट चढून आलेले इंजिन बंद केले की पंप थांबतो आणि कूलंटचे फिरणे थांबते. परंतु तापलेल्या धातूतील उष्णता त्या स्थिर पाण्यात उतरतच राहते. त्यामुळे पुढची काही मिनिटे आतील तापमान आणि दाब गाडी चालू असताना होता त्याहूनही वाढतो, आणि जो सांधा एरवी तग धरतो तो नेमका त्याच वेळी पाझरतो. तो पाझर इंजिनमधील धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डसारख्या तप्त भागावर पडला, तर तिथल्या तिथे त्याची वाफ होते. मागे राहतो तो फक्त ग्लायकॉलचा गोडसर वास. फरशी कोरडी का राहते, याचा हा एक सरळ खुलासा आहे.

सर्वांत आधी रेडिएटरचे झाकण पाहा. नव्या रेडिएटरला जुनेच झाकण लावले आहे का, हे गॅरेजमध्ये विचारा. हे झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे, ती दाबाची झडप असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८-९९ अंश सेल्सिअसला उकळते, झाकणाने ०.९ बार दाब धरून ठेवला, तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा खालचे रबर तडकले, की कूलंट वेळेआधीच बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीत ढकलले जाते आणि बाटली भरली की तिच्या नळीतून बाहेर जाते. अशा वेळी गळती कुठेच नसते, तरीही पाणी घटते. झाकणात उलट्या दिशेने उघडणारी एक लहान झडपही असते. ती अडकली, तर इंजिन थंड झाल्यावर बाटलीतील पाणी परत आत ओढले जात नाही आणि सकाळी वरचा होज पिचल्यासारखा चपटा दिसतो. ही खूण दिसल्यास झाकण लगेच बदलावे. झाकणावरील दाबाचा आकडा मात्र कंपनीने दिलेलाच हवा; जास्त दाबाचे झाकण लावल्याने गाडी कमी तापेल, हा समज जुन्या होजना आणि हीटर कोअरला (गाडीची आतली हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरला) महागात पडतो.

झाकण ठीक निघाले, तर प्रेशर टेस्टरने तपासणी करून घ्या. हा एक हातपंप असतो, त्याला दाब दाखवणारा काटा असतो आणि तो झाकणाच्या जागी बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरावा आणि पंधरा मिनिटे काटा पाहत बसावे. सकाळचा आग्रह मी मुद्दाम धरतो. गरम इंजिनमध्ये रबर आणि धातू दोन्ही फुगलेले असल्यामुळे सैल क्लिपचा सांधाही घट्ट धरतो. थंडीत तोच आकसतो आणि पाझरू लागतो. शिवाय थंड इंजिनवर पडलेला थेंब वाफ न होता थेंबच राहतो.

हे मी माझ्या जुन्या गाडीवर अनुभवले आहे. दुपारच्या तपासणीत काटा जराही हलला नाही, म्हणून गॅरेजवाल्याने आणि मीही गळती नसल्याचे मान्य केले. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच तपासणी केली, तेव्हा काटा डोळ्यांदेखत खाली आला. दाढीचा लहान आरसा आणि बॅटरी घेऊन शोधता शोधता इंजिनला हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली बोटभर लांबीचा एक बायपास होज सापडला. त्याच्या क्लिपभोवती तुरटीच्या पापुद्र्यासारखा हिरवट पांढरा थर चढला होता, आणि त्याच्या खालच्या कडेला एक थेंब धरला होता. तो पडायला जवळजवळ एक मिनिट लागले. वरून पाहणाऱ्याला तो होज दिसतच नाही. आपल्या गाडीतही पाणी अशा ठिकाणी जात असण्याची शक्यता मला मोठी वाटते. थेंब दिसला नाही तरी असा वाळलेला थर शोधावा, कारण पाणी उडून जाते, पण त्यातील रंग आणि क्षार मागे राहतात.

थर शोधताना वॉटर पंप नीट पाहा. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावे, यासाठीच ते असते. तेव्हा ते एम-सीलने बुजवणे म्हणजे रोग लपवणे होय. छिद्राखाली ओघळाचा डाग असेल, किंवा पट्टा सैल करून पुली हाताने हलवल्यावर ती डुगडुगत असेल, तर पंप बदलावा. आपल्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्टही त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण दोन्हींसाठी मजुरी एकदाच पडते. ब्लॉकच्या बाजूला बसवलेले वाटीसारखे पत्र्याचे वेल्च प्लगही पाहावेत. साध्या पाण्यावर वर्षे काढलेल्या इंजिनमध्ये ते आतून गंजून त्यांना टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडते, आणि त्यांतला एखादा एक्झॉस्टच्या मागेच असतो. डावीकडच्या सीटपुढील गालिचा ओला व चिकट लागत असेल किंवा काचेवर आतून तेलकट धुके येत असेल, तर हीटर कोअर गळतो आहे. एसीचे पाणीही गाडीखाली ठिबकते, पण ते स्वच्छ व बिनवासाचे असते. त्याने घाबरून जाऊ नये.

एवढे सारे कोरडे निघाले, तरच हेड गॅस्केटकडे वळावे, आणि तेही आधी तपासून. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालवतात. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. दुसरा मार्ग असा, की टेस्टरचा दाब रात्रभर ठेवावा, सकाळी सर्व स्पार्क प्लग काढावेत, इग्निशनची जोडणी काढून इंजिन स्टार्टरने फिरवावे आणि एखाद्या सिलिंडरमधून पाण्याचा फवारा येतो का ते पाहावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट लगदा, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, थंड इंजिन सुरू करताच दगडासारखा कडक होणारा होज, यांपैकी काही दिसल्यास शंका बळावते. गॅरेजमध्ये नम्रपणे पण ठामपणे सांगा, की यांपैकी एक तरी तपासणी मला दाखवा, मग हेडला हात लावा.

प्रश्न : वरचेवर पाणी घालावे लागत असल्यास बोअरचे पाणी चालते का? गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकतात, त्याचा उपयोग होतो का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात, हे घरातल्या गिझरची कॉइल आणि नळाची तोटी पाहिली की कळते. तोच थर इंजिनच्या आतील वाटांत बसतो, उष्णता बाहेर पडू देत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार गेला की गाडी तापू लागते. रस्त्यात अडचण आली आणि दुसरे काहीच हाताशी नसेल, तर इंजिन थंड होऊ देऊन जे पाणी मिळेल ते घालून घर गाठावे. पण नंतर ते काढून टाकावे. एरवी बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समप्रमाणात मिसळून घालावे. बाटलीवर आधीच मिसळलेले असल्याचे लिहिले असेल, तर पुन्हा पाणी घालू नये.

हळदीची पूड बारीक छिद्रात अडकून पाझर काही काळ थांबवते, हे खरे आहे, आणि लांबच्या रस्त्यावर अनेक ड्रायव्हरांना तिने तारले आहे. परंतु ती गळके छिद्र आणि रेडिएटरची चांगली नळी यांत फरक करीत नाही. हीटर कोअरच्या नळ्या तर त्याहून अरुंद असतात. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या पुड्यांनाही हेच लागू आहे. तशी वेळ आलीच, तर घरी आल्यावर सारी यंत्रणा धुऊन घ्यावी आणि गळती शोधावी.

गरम इंजिनचे झाकण टॉवेलची जाड घडी धरूनही उघडू नये. वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि त्याची चव गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मूलही बोट घालून पाहू शकते. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ठळक अक्षरांत लिहून, तो डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि पुढच्या खेपेस गॅरेजमध्ये नेऊन द्यावा.