‘टिअर २’चं पत्र आणि लवकर सुटणारा बुधवार

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कॅलिफोर्नियात दुसरीतल्या मुलीला वाचनाच्या ‘टिअर २’ गटात घातल्याचं पत्र आलं ते काय, आणि दर बुधवारी शाळा लवकर का सोडतात. दोन्हींचं मूळ एकच आहे: मुलांना काय येतं ते बघून शिकवणं बदलायचं.

आधी पत्र. ‘टिअर २’ म्हणजे वर्गातल्या शिकवण्यावर मिळणारी जादा मदतीची दुसरी पायरी, स्पेशल एज्युकेशन (अपंगत्व असलेल्या मुलांचं विशेष शिक्षण) नव्हे. वर्षातून साधारण तीनदा सगळ्या मुलांची छोटी चाचणी होते. दुसरीत बहुधा मिनिटभर उतारा मोठ्याने वाचायचा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. (बालवाडी ते दुसरीपर्यंत वाचनातल्या अडचणींची तपासणी २०२५-२६ पासून राज्याने सक्तीचीच केली आहे.) मागे पडलेल्या तीन ते सहा मुलांना आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-तीस मिनिटं वेगळं शिकवतात, दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजतात आणि सहा-आठ आठवड्यांत आकडा हलला नाही तर पद्धत बदलतात.

हे कागदावर. प्रत्यक्षात कधी कधी गटाच्या शिक्षिकेला गैरहजर शिक्षकाच्या जागी दुसऱ्या वर्गावर पाठवतात आणि महिन्याचे बरेच तास बुडतात. दुसरी गडबड गट पाडतानाच होते. एकाला अक्षरं जोडताच येत नाहीत, दुसरा जोडतो पण अडखळतो, तिसरा घरी मराठी बोलतो म्हणून शब्दच माहीत नाहीत. गुण सारखे, म्हणून तिघं एकाच टेबलावर. तेव्हा शिक्षिकेला विचारा: नेमकं कुठलं कौशल्य कच्चं आहे, त्या वेळात वर्गातला कोणता विषय चुकतो, गेल्या महिन्यात खरोखर किती तास झाले. आकड्यांचा तक्ता मागायला लाजू नका. आणि शाळेने मुलीची नोंद ‘इंग्लिश लर्नर’ (अजून इंग्रजी शिकणारी) म्हणून केली असेल, तर तिला रोजचा इंग्रजी भाषाविकासाचा तास वेगळा मिळायला हवा. हा गट त्याची भरपाई नाही.

आता बुधवार. मुलं लवकर घरी गेली की एका इयत्तेचे शिक्षक मुलांचे पेपर घेऊन बसतात. समजा ५२ वजा ३८ दिलंय आणि चोवीसपैकी अकरा मुलांनी २६ लिहिलंय. हा धांदरटपणा नाही. ती मुलं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतायत, आठातून दोन. म्हणजे दशक मोडून सुटे करणं पुन्हा ठोकळ्यांवर शिकवायला हवं, आणि ज्या वर्गात ही चूक झाली नाही तिथल्या शिक्षिकेने काय केलं ते विचारायला हवं. त्या तासात सहलीच्या नि फोटोच्या सूचनाच वाचल्या जात असतील, तर मात्र तुमची चिडचिड रास्त आहे.

पैशाचं बघायचं तर शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या साइटवर ‘एलकॅप’ (LCAP, पैसा कशावर लावणार याचा आराखडा) उघडा. गरीब घरची, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर (सरकारी देखरेखीखाली वाढणारी) मुलं, अशा प्रत्येकामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा मिळतात. ते कुठे लावले हे त्यात लिहावं लागतं. ‘शिक्षक प्रशिक्षण’ या ओळीसमोर मोजमाप म्हणून नुसती ‘सत्रांची संख्या’ दिसली, तर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकीत तिथेच बोट ठेवा. एलकॅपची मंजुरी १ जुलैच्या आत होते, पण जूनमध्ये सगळं ठरलेलं असतं. २८ फेब्रुवारीपर्यंत मध्यवर्षीचा आढावा मांडावा लागतो, त्या बैठकीला जा. विषयपत्रिका ७२ तास आधी लागते.

राज्याच्या डॅशबोर्डचे, म्हणजे शाळांची कामगिरी रंगांत दाखवणाऱ्या साइटचे, रंग सध्या सोडून द्या. त्यातले इंग्रजी-गणिताचे रंग तिसरीपासूनच्या परीक्षेवर ठरतात, तुमची मुलगी त्यात अजून नाहीच.