अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंग करण्यासाठी कर्ज काढणं परवडतं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: न्यू जर्सीत राहता, वय ३४, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, भारतातली मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आहे आणि घरात लहान मूल आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या वेबसाइटवर तुम्ही नर्सिंगचा पगार आणि कर्ज शेजारी शेजारी पाहिलं. पगार एवढा मोठा आणि कर्ज एवढं लहान, मग यात काहीतरी सुटतंय का, असं तुम्ही विचारलंय.

हो, सुटतंय. मी याच वाटेने आले. काउंटी कॉलेजातून, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजातून, दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली, एनक्लेक्स ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा दिली आणि आता हॉस्पिटलात मेड-सर्जला, म्हणजे सर्वसाधारण आजार आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटांच्या वॉर्डात आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

स्कोअरकार्डवर दिसतं ते फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज, आणि तेही पदवी पूर्ण केलेल्यांचं. बँकेचं खासगी कर्ज, क्रेडिट कार्डवर चढलेली रक्कम, नातेवाइकांकडून घेतलेले पैसे यातलं काहीही त्यात धरलेलं नाही. पगारही फेडरल मदत घेऊन पदवी मिळवलेल्यांचाच. फार्माकॉलॉजीत दोनदा नापास होऊन प्रोग्रॅममधून बाहेर पडलेली मुलगी त्या आकड्यांत कुठेच नसते. शिवाय कॉलेजच्या पहिल्या पानावरचा पगार सगळ्या विषयांचा मिळून असतो. आत जाऊन विषयवार यादीत असोसिएट डिग्रीचं नर्सिंग वेगळं काढून पाहा.

पगाराचा तो आकडा कॉलेजच्या शिकवण्यापेक्षा त्या भागातल्या हॉस्पिटलांचा जास्त असतो. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सनुसार मे २०२४ मध्ये देशभरातल्या आरएनचा (रजिस्टर्ड नर्सचा) मध्यक पगार वर्षाला ९३,६०० डॉलर होता, म्हणजे निम्म्या नर्सेस त्याच्या वर आणि निम्म्या खाली. पण कॅलिफोर्नियात सरासरी सव्वा लाखाच्या बरीच वर जाते आणि साउथ डकोटात सत्तर हजारांच्या आसपास राहते. शिवाय त्यात वीस-वीस वर्षं काम केलेल्या नर्सेसही आहेत. नव्या असोसिएटवालीला शहरातलं मोठं हॉस्पिटल पहिल्याच फटक्यात घेईल असं नाही. बऱ्याच जणींची सुरुवात नर्सिंग होम किंवा रिहॅबमध्ये होते. तुम्ही पहिल्या वर्षाला ७५ हजार धरून हिशोब मांडा.

आता हप्ता. समजा २०,००० डॉलर फेडरल कर्ज झालं. २०२५-२६ च्या पदवीपूर्व कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण २२६ डॉलर, म्हणजे ७५ हजारांच्या पगाराच्या चार टक्क्यांहूनही कमी. हे परवडतं, बिनधास्त परवडतं. हाच कोर्स खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेतून ६०,००० घेऊन केला, तर त्याच दराने हप्ता ६७८ होतो, आणि लायसन्स मिळतं ते अगदी तेच. वर खासगी बँकेचं कर्ज असेल तर उत्पन्नानुसार हप्ता कमी करून घेण्याची सोयही नाही. 'वेटलिस्ट नाही, लगेच ॲडमिशन' या जाहिरातींपासून कृपा करून लांब राहा. आयटीटी टेक या अशाच नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेतही नर्सिंग शिकवत होते. २०१६ साली ती संस्था बंद पडली आणि विद्यार्थी मधेच लटकले.

म्हणजे कम्युनिटी कॉलेजात फीचा प्रश्न त्या मानाने छोटा. २०२४-२५ मध्ये देशभरातली सरासरी फी वर्षाला ४,०५० डॉलर होती. खरा प्रश्न दोन गोष्टींचा: वेळ किती जाणार आणि तुम्ही शेवटपर्यंत पोहोचणार का.

'दोन वर्षं' हे फक्त नर्सिंगचे वर्ग. त्याआधी ॲनाटॉमी-फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी, इंग्रजी वगैरे पूर्ण झालेलं लागतं. वर जागा मिळायची वाट पाहणं आहेच. तीन-चार वर्षं सहज जातात. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रात्यक्षिक, सकाळी सातला सुरू होतात आणि वेळापत्रक दर सेमिस्टरला बदलतं, त्यामुळे पूर्णवेळ नोकरी जवळपास अशक्य. डेकेअरचं बिल, दुसऱ्या गाडीचा इन्शुरन्स आणि तुमची न झालेली कमाई हाच मोठा खर्च. माझ्या वर्गातल्या बायकांनी कर्ज काढलं ते फीसाठी कमी आणि घर चालवायला जास्त.

आणि मधेच सोडलं तर? अर्धवट राहिलेल्यांचं कर्ज लहान असतं, पण सगळ्यात जास्त थकतं ते त्यांचंच, कारण ते फेडणारा आरएनचा पगार आलेलाच नसतो. म्हणून कर्जाच्या आकड्याआधी कॉलेजच्या नर्सिंग ऑफिसला दोन गोष्टी विचारा: प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी वेळेत पूर्ण करतात, आणि एनक्लेक्स पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास होतात. एसीईएन ही मान्यता देणारी संस्था पास होणाऱ्यांचं किमान ८० टक्के प्रमाण मागते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर मी तिथे जाणार नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी मदत, पहिली पदवी नसलेल्यांनाच मिळते, आणि भारतातली बी.एस्सी. त्यात पदवी म्हणूनच धरली जाते. त्यामुळे ७,३९५ डॉलरची ती कमाल रक्कम हिशोबातून काढून टाका. फेडरल कर्ज मात्र मिळेल. तुमचं वय २४ च्या वर असल्याने पहिल्या वर्षी ९,५०० आणि दुसऱ्या वर्षी १०,५०० पर्यंत. दोन्ही मिळून बरोबर वीस हजार होतात, आणि त्यापुढे जाऊ नका असंच मी म्हणेन.

पदवी हातात असल्यामुळे तुम्हाला वेगवान बीएसएनच्याही, म्हणजे कमी वेळात होणाऱ्या नर्सिंगच्या बॅचलर पदवीच्याही, जाहिराती दिसतील. खासगी विद्यापीठात त्याची फी डोळे पांढरे करते. त्यापेक्षा आधी आरएन व्हा, नोकरीला लागा, मग बीएसएन ऑनलाइन करा. अनेक हॉस्पिटलं त्याचे पैसे देतात, आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर कर लागत नाही. बीएसएन करावं मात्र लागेलच असं धरून चाला. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत ती पदवी घेणं सक्तीचं केलंय. ना-नफा किंवा सरकारी हॉस्पिटलात पूर्णवेळ काम करताना १२० हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होण्याची योजनाही आहे. पण वीस हजारांचं कर्ज बहुतेक तोवर फिटलेलंच असेल.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेलं कुणी हे वाचत असेल तर थांबा. तुम्हाला फेडरल कर्ज नाही, आणि वर्क परमिट नसेल तर पदवीनंतर नोकरीही करता येणार नाही. आरएनच्या साध्या जागेसाठी एच-१बी सहसा मिळत नाही. वर्क परमिट येईपर्यंत निदान कर्ज तरी काढू नका.

तुम्ही मात्र आजच विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करा. सीलबंद पाकीट यायला आणि त्याचं इथे मूल्यांकन व्हायला महिने लागतात. काही कॉलेजं पाच-दहा वर्षांपूर्वीचे विज्ञानाचे विषय धरत नाहीत. तो नियम आधी विचारून घ्या, कारण मायक्रोबायोलॉजी पुन्हा करावी लागली तर एक सेमिस्टर वाढेल.